आमेनच्या आधीचे शमुवेलमामा

आमच्या देवळात रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब एक वाक्य म्हणायचे आणि सगळी मंडळी बाकांवर सावरून बसायची. वाक्य अगदी साधं असे. "आता आपल्यातलं कोणी एक जण प्रार्थना करील." कोणी एक जण म्हणजे कोण, हे बाकांनासुद्धा पाठ होतं. मधल्या रांगेतून खाकरण्याचा आवाज यायचा, बाक करकरायचं आणि काळा कोट घातलेले शमुवेल रणनवरे उभे राहायचे. आयांनी पोरांच्या हातात आधीच लिमलेटच्या गोळ्या देऊन ठेवलेल्या असत, कारण आता बराच वेळ कोणाची सुटका नव्हती.

मी तेव्हा देवळात पेटी वाजवायचे. लग्न होऊन नाशकात आले आणि सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात पाळकसाहेबांना जाहीर करून टाकलं की आमच्या सूनबाईला पेटी येते. मला जेमतेम येत होती, पण सासऱ्यांना खोटं कोण पाडणार? पेटीची जागा पुढे, मंडळीकडे तोंड करून. प्रार्थनेत सगळ्यांनी डोळे मिटायचे, फक्त मी उघडे ठेवायचे, कारण 'आमेन' ऐकू आलं की लगेच पुढच्या गायनाचा सूर द्यायचा असे. देवाशी बोलणाऱ्या माणसांचे चेहरे राजरोस बघायची परवानगी मला अशी आयतीच मिळाली होती. मी तिचा पुरेपूर फायदा घेतला.

शमुवेलमामा नाशिक रोडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. ठेंगणे, जाड भिवयांचे, आणि अंगात बारा महिने तो काळा कोट. वैशाखात लोक उघड्या अंगानं ओट्यावर बसत तेव्हासुद्धा मामा कोटात. त्यांचा एक सिद्धान्त होता की पत्ता नीट नसला तर नाशिकचं पार्सल भुसावळला जातं, आणि प्रार्थनेचंही तसंच आहे. त्यामुळे ते आजारी माणसासाठी नुसती प्रार्थना करत नसत. "हे दयाळू पित्या, रविवार कारंजावरून आत वळल्यावर, पिठाच्या गिरणीच्या वर, दुसऱ्या जिन्यानं जावं लागतं तिथं राहणाऱ्या आमच्या भगिनीला, जिचा डावा गुडघा सुजलाय, उजवा नव्हे," असं ते देवाला समजावून सांगत. देव नाशकात नवा आला असावा, असंच वाटायचं.

पण खरी गंमत वेगळीच होती. आमच्या लोकांनी सगळ्याची सोय केली आहे, फक्त प्रार्थना करणाऱ्याला थांबवायची केलेली नाही. सभेत बोलणाऱ्याला अध्यक्ष घंटी वाजवून खाली बसवतात. प्रार्थनेत मात्र मान खाली, डोळे मिटलेले आणि तोंड बंद. मामांनी या सोयीच्या अभावाचं सोनं केलं होतं. जे तोंडावर बोलता येत नाही ते सगळं ते देवाला सांगत, आणि आम्ही ऐकत असू.

शेजारच्या बाबूरावांच्या कोंबड्या मामांच्या परसात शिरून मेथी खात. मामा कधी भांडायला गेले नाहीत. रविवारी उभे राहिले आणि म्हणाले, "प्रभू, मुक्या प्राण्यांना तू अक्कल कमी दिलीस, ती तुझी मर्जी. पण कोंबडीला कमी दिलीस म्हणून मालकालाही कमी दिलीस असं आम्ही कसं मानावं?" बाबूराव डोळे मिटून बसले होते आणि त्यांचे कान लालबुंद झाले होते. सोमवारी सकाळी कोंबड्यांना जाळी लागली. बाबूराव चिडून सगळ्यांना सांगत सुटले की शमुवेल देवाच्या आडून दगड मारतो. मामांच्या कानावर ते गेलं तेव्हा मामा म्हणाले, "मी देवाशी बोलत होतो. त्यांनी ऐकलं कशाला?"

त्यांना आवरणारी एकच व्यक्ती होती, सगुणामामी. मामी त्यांच्या मागच्या बाकावर बसायच्या. प्रार्थना फार लांबली की डोळे न उघडता हात पुढे करून त्या मामांच्या कोटाचं मागचं टोक खाली ओढायच्या. पहिला हिसका हलका असे. मामांनी तो मनावर घेतला नाही की दुसरा चांगलाच रागाचा, कोटाची शिवण करकरेल असा. त्यानंतर मात्र मामा वाक्य कुठल्याही स्थितीत असो, ते तिथेच टाकून "आमेन" म्हणत. एकदा तर "आणि प्रभू, या देशाच्या पुढाऱ्यांना..." इथेच आमेन झालं, आणि पुढाऱ्यांचं पुढे काय करायचं ते देवावर सोडावं लागलं. मला मामींचा हात दिसायचा, म्हणून सूर देण्यात माझी कधी चूक झाली नाही. मामी म्हणायच्या, "अहो, देवाला दुसरी कामं आहेत की नाही? ह्यांचंच ऐकत बसला तर जग चालायचं कसं?"

मामांना दुसरं वेड होतं ते मंडळांचं. वाचनालयाची कमिटी असो, तालमीची असो, पलीकडच्या गल्लीतल्या बौद्ध मंडळींची जयंतीची कमिटी असो, जिथे चार माणसं सतरंजी टाकून बसली तिथे पाचवे मामा. आमच्या देवळामागच्या गल्लीतल्या गणपती मंडळातही ते होते. यावरून एकदा गडबड झाली.

आमच्या पंचांत, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळींत, डॉक्टर एलिशा भांबळ होते. उंच, गोरे, दवाखान्याची भरभराट झालेली, गळ्यात कायम निळा टाय. ख्रिस्ती माणसानं जगाच्या मंडळांपासून दूर राहावं, हा त्यांचा आवडता विषय. पंचांची बैठक आमच्या घरी भरायची, कारण सासरे पंच होते. चहाचा ट्रे घेऊन मी आत गेले तेव्हा डॉक्टर म्हणत होते, "शमुवेलराव, आपल्या मंडळीचा माणूस गणपतीच्या मांडवात दिसतो. लोकांनी काय समजायचं?"

"शिडी धरायला माणूस हवा होता, एवढं समजावं," मामा म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मंडळाचा कर्ताधर्ता होता पक्या. हा त्याच गल्लीतला, सायकलच्या दुकानात काम करणारा पोरगा. मामांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मूर्तीपुढं मी हात जोडणार नाही आणि आरतीला आत येणार नाही. दिव्यांच्या माळा लावायच्या असतील तर शिडी धरीन." पक्या म्हणाला होता, "चालतंय की मामा. हात जोडणारे लय आहेत, शिडी धरायला कुणी येत नाय." आणि आरतीच्या वेळी मामा काय करत? बाहेर उभं राहून सगळ्या गल्लीच्या चपला राखत. आत न जाणारा एवढा एकच भरवशाचा माणूस गल्लीत होता. मामा होते तोवर त्या मांडवाबाहेरून एक चप्पल गेली नाही, असं पक्या छाती फुगवून सांगायचा.

सासऱ्यांना हसू आवरेना, पण डॉक्टर गंभीर होते. "उद्या आणखी कोणी बोलावलं तर जाल? कुठं जायचं आणि कुठं नाही, हे ठरवता तरी कसं?"

"सोपं आहे," मामा म्हणाले. "रविवारी उभा राहतो आणि मोठ्यानं प्रार्थना करून बघतो. मंडळाचं नाव काय, काम काय, तिथं मी काय करतो, हे तुम्हा सगळ्यांच्या समोर देवाला सांगता आलं की मी जातो. सांगताना जीभ अडखळली की सोडतो."

ही बढाई नव्हती. जीभ अडखळलेली मी स्वतः पाहिली होती. आदल्याच वर्षी आमच्यातल्या काही घरांनी 'जुन्या घराण्यांचं मंडळ' काढलं होतं. पणजोबा ख्रिस्ती होण्याआधी कोण होते ते आठवायचं, आणि ज्यांचे तेच होते त्यांनीच एकमेकांत सोयरिकी करायच्या, असा तो कारभार. मामांना सन्मानानं घेतलं, शिऱ्याच्या बशा झाल्या. रविवारी मामा उभे राहिले. "हे दयाळू पित्या, आमच्या जुन्या घराण्यांच्या मंडळाला, म्हणजे ज्यांचे पणजोबा... म्हणजे आमच्यातल्या ज्यांना..." आणि थांबले. पुन्हा खाकरले. मामींनी कोटाला हातसुद्धा लावला नव्हता. शेवटी मामा म्हणाले, "हे काही सांगता येत नाही, प्रभू. आमेन." त्यांची आयुष्यातली सर्वांत आखूड प्रार्थना ती. मी इतकी गाफील होते की पेटीवर भलताच सूर पडला. संध्याकाळी मामांनी त्या मंडळाला रामराम ठोकला.

डॉक्टरांचं समाधान झालं नाही, पण विषय तिथेच राहिला. खरं सांगायचं तर मला डॉक्टरांचंही थोडं पटत होतं. सगळीकडे पाय ठेवणारा माणूस कधीतरी भलत्या पायरीवर पाय ठेवतो, अशी मला भीती वाटे. मामांची ती पायरी पुढे आली, पण गणपतीच्या मांडवातून आली नाही.

त्याआधी मामी गेल्या. जुना दमा होता, एका थंडीत तो त्यांना झेपला नाही. आमच्या कबरस्तानाच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात कडुलिंब आहे, त्याच्या सावलीत त्यांना ठेवलं. मामांनी दगडावर फक्त नाव कोरून घेतलं. मी विचारलं, "एखादी ओळ नाही घातली?" तर म्हणाले, "तिला लांबण आवडत नाही."

त्यानंतरच्या रविवारी मामा प्रार्थनेला उभे राहिले आणि ती संपेना. पाळकसाहेब चुळबुळायला लागले. मागच्या बाकावर मामींच्या जागी कोणी बसलं नव्हतं. मामा बोलत होते आणि अधूनमधून क्षणभर थांबत होते, पुन्हा बोलत होते. ते कशाची वाट बघतायत ते मला एकटीलाच दिसत होतं, आणि त्या दिवशी डोळे उघडे ठेवायची सवलत मला नकोशी झाली. शेवटी माझ्या सासऱ्यांनी मोठ्यानं "आमेन" म्हटलं आणि मामा गोंधळून खाली बसले.

दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग रस्त्याची बातमी आली. कबरस्तानालगतचा रस्ता रुंद होणार होता. एका बाजूला आमची भिंत आणि तिच्या आतला कोपरा, दुसऱ्या बाजूला पक्याच्या गल्लीतली घरं. वळण काढायचं तर रेघ या नाहीतर त्या बाजूनं आत सरकणार, हे उघड होतं. नकाशात ती आमच्या बाजूनं होती. कडुलिंब आणि त्याखालची एकच कबर रेघेत येत होती.

मामा रोज कामावरून सुटल्यावर तिथे जाऊन बसायला लागले. पार्सल ऑफिसातल्या हसवणाऱ्या गोष्टी सांगणं बंद झालं. रविवारी प्रार्थनेला पाळकसाहेबांनी वाट पाहिली तरी मधल्या रांगेतून खाकरणं आलं नाही, आणि गंमत म्हणजे लिमलेटच्या गोळ्या तशाच उरल्याचं कोणालाच बरं वाटलं नाही.

इथे त्र्यंबक रोडच्या बंगल्याबद्दल सांगायला हवं. रस्त्यापासून आत, आंब्याच्या झाडांमागे एक जुना बंगला होता. खिडक्यांना कायम हिरवे पडदे. तिथे शनिवारी संध्याकाळी 'बंधुसंघ' भरायचा. गावातली बडी मंडळी, वकील, डॉक्टर, साहेब लोक. आत काय चालतं ते बाहेर बोलायचं नाही, अशी शपथ. त्यामुळे गावात काय वाटेल ते बोललं जायचं. कोणी म्हणे आत माणसाची कवटी आहे, कोणी म्हणे नव्या माणसाला डोळे बांधून बोकडावर बसवतात. सभेत ते सोनेरी काठाचे पांढरे एप्रन बांधतात हे मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांचा धोबी ते गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, धुऊन सगळ्या गावासमोर वाळत घालायचा. कोणता एप्रन कोणाचा, एवढंच काय ते गुप्त राहिलं होतं.

एका सोमवारी डॉक्टर भांबळ मामांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना आपल्या घरी चहाला घेऊन जाताना दिसले. पंचांच्या बैठकीनंतर दोघांत जेमतेम सलाम व्हायचा, त्यामुळे ओट्याओट्यावर चर्चा झाली. काय बोलणं झालं ते मामांनी कोणाला सांगितलं नाही.

रविवार आला. पाळकसाहेबांनी ते वाक्य म्हटलं. मधल्या रांगेतून खाकरण्याचा आवाज आला, बाक करकरलं आणि माझ्या मनात आलं, चला, आले मामा परत.

"हे दयाळू पित्या," मामांनी सुरुवात केली, "आज मी एक गुपित घेऊन आलोय. हे कोणाला बोलायचं नाही असं मला बजावलंय. म्हणून मी कोणालाच बोललो नाही, थेट तुझ्याकडं आलो."

दोन-चार डोळे तेव्हाच उघडले.

"त्र्यंबक रोडच्या आतल्या अंगाला, आंब्यांच्या मागं, हिरव्या पडद्यांचा बंगला आहे. पडदे असले तरी तुला दिसत असेल. तिथल्या बंधुसंघानं मला बंधू व्हायला बोलावलंय. डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि शपथ घ्यायची. कसली शपथ, ते आत गेल्यावर सांगणार. प्रभू, मी आयुष्यभर पार्सल ऑफिसात बसलो. आत काय आहे हे विचारल्याशिवाय एक खोकं घेतलं नाही."

आता एका बाकावरून हसू दाबल्याचा आवाज आला. पाळकसाहेबांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. थांबवायची सोय नव्हती, हे मी आधीच सांगितलंय.

"मला बोलावणारा बंधू आपल्यातलाच आहे. त्याला आशीर्वाद दे. पत्ता नीट सांगायला हवा, नाहीतर आशीर्वाद दुसऱ्याच कोणाला जायचा. पुढून पहिला बाक, खिडकीकडची बाजू, निळा टाय."

झालं. सगळ्या मंडळीचे डोळे उघडे आणि डॉक्टर भांबळांचे तेवढे बंद. मी पाच फुटांवरून बघत होते. टायच्या वरचा गळा आधी गुलाबी झाला, मग बाबूरावांच्या कानांसारखा झाला. जगाच्या मंडळांपासून दूर राहा म्हणून शमुवेलमामांना पंचांसमोर बसवणारा माणूस शनिवारी सोनेरी काठाचा एप्रन बांधत होता. मला इतका आनंद झाला की मी पेटीच्या आड तोंड लपवलं.

पण मामा तिथे थांबले नाहीत.

"त्याला दोष देऊ नकोस. तो माझं भलं करायलाच आला होता. रस्त्याचं काम ज्यांच्याकडं आहे ते साहेब त्या बंगल्यातले थोरले बंधू आहेत. बंधूच्या बायकोच्या कबरीवरून बंधू रस्ता नेत नसतो म्हणे. मी बंधू झालो की रेघ पलीकडं सरकेल. पलीकडं पक्याची आई राहते, तिची चूल रेघेत येईल. पण ती काही कोणाची बंधू नाही."

देवळात कोणी हसत नव्हतं.

"प्रभू, मला जावंसं वाटतंय," मामा म्हणाले. "शमुवेलला कशाचं काही वाटत नाही असं सगळे समजतात. मला वाटतंय. तिला मी दुसरं काहीच दिलं नाही, एवढी सावली दिली. मी इथं उभा राहून सगळं सांगून टाकलं, जीभ अडखळते का ते बघावं म्हणून. आज मला ते समजत नाही. तूच सांग."

आणि ते गप्प उभे राहिले. आमेन म्हणेनात. मागचा बाक रिकामाच होता. माझे हात पेटीवर होते आणि मला काही करता येत नव्हतं.

मग दाराजवळून साखरआजीचा आवाज आला. साखरआजी सायखेड्याची, देवळाच्या मागे खोलीत एकटी राहणारी, मामींची जिवाभावाची मैत्रीण. तिला प्रार्थनेतले शिष्टाचार कधीच मान्य नव्हते.

"नको जाऊ रे शमुवेला," ती म्हणाली. "सगुणा लय गुणाची व्हती. पन ती काय उठून भाकरी करनार नाय. त्या बाईला करायच्यात. जाऊ दे रेघ सगुणाच्याच अंगनातनं. सगुणाला इचारलं असतं तर तिनं बी हेच सांगितलं असतं, आन वर तुझा कोट वढला असता."

मामांचे खांदे हलले. ते हसले की रडले ते डोळे उघडे असूनही मला सांगता येत नाही. "आमेन," ते म्हणाले, आणि सूर द्यायचा तर मी साफ विसरून गेले.

बाहेर पडताना मामा मला म्हणाले, "बघ सूनबाई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा उत्तर लगेच आलं. आणि तेही सायखेड्याच्या बोलीत."

त्या आठवड्यात ही प्रार्थना सगळ्या नाशकाच्या तोंडी झाली. बंगल्याचे हिरवे पडदे काही दिवस घट्ट ओढलेले होते आणि गंगेवर एप्रन वाळताना दिसले नाहीत. डॉक्टर दोन रविवार आले नाहीत. पुढच्या रविवारी मामा प्रार्थनेला उभे राहून "आमच्या निळ्या टायच्या भावाला सर्दीतून बरं कर" म्हणाले, त्याच्या पुढच्याही रविवारी म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर स्वतः मामांच्या दारात येऊन उभे राहिले. "शमुवेलराव, मी येतो. पण प्रार्थनेत मला नावानं घेत जा. टायनं नको." त्यांनी बंगला सोडला की नाही, हे त्यांना कोणी विचारलं नाही. पण ख्रिस्ती माणसानं कुठे जावं आणि कुठे जाऊ नये, यावर त्यांच्या तोंडून पुन्हा भाषण ऐकलं नाही.

काम सुरू व्हायच्या आधी ते रस्त्याचे साहेब स्वतः कबरस्तान बघायला आले. मामा झाडाखाली बसलेले. आम्ही काही जण लांब उभे होतो. मला वाटलं, आता साहेब मामांची कानउघाडणी करतात. साहेब फाटकाशी थांबले, जरा घुटमळले आणि बूट काढायला वाकले. आमच्यात तसा रिवाज नाही, पण ते त्या बिचाऱ्यांना काय माहीत!

"काढा साहेब, काढा," मामा उठून म्हणाले. "राखायला मी आहे. मला सवय आहे."

साहेब अनवाणी आत गेले, कबरीपुढे हात जोडून उभे राहिले. बाहेर येऊन खाली बघत म्हणाले, "रणनवरे, कागदावर ही रेघ आधीपासूनच इथून आहे." मामा म्हणाले, "इथूनच राहू द्या." मग साहेबांनी विचारलं, आतल्या मातीसह बाईंना दुसरीकडे हलवायची व्यवस्था करू का? मामांनी नाही म्हणून मान हलवली. "तिला झोपमोड खपत नाही. दगड तेवढा आत नेऊ."

दगड उचलला तो मामांनी, पक्यानं आणि डॉक्टर भांबळांनी. डॉक्टर बाह्या सरसावून आले होते आणि त्या दिवशी त्यांनी टाय घातला नव्हता. पक्याची आई घरून सगळ्यांना भाकरी आणि ठेचा घेऊन आली. मामा भिंतीला टेकून जेवले, आणि भाकरी छान झालीय असं दोनदा म्हणाले.

कडुलिंब गेला, रस्ता झाला, मामी फुटपाथखाली राहिल्या.

पुढे आम्ही इंदिरानगरात राहायला गेलो. देवळातली पेटी दुसऱ्या कोणाच्या हातात गेली. मामा निवृत्त झाले, थकले, एवढं कानावर येत राही, पण भेट होत नव्हती. शेवटचे दिसले ते असेच, वाटेत.

दुपार टळली होती. मी रिक्षानं जुन्या वस्तीकडे चालले होते. कबरस्तानाच्या त्या वळणावर गर्दीनं रिक्षा थांबली. फुटपाथवर पेरूवाला, चपला शिवणारा, चणेफुटाणेवाला, सगळे खेटून बसलेले आणि मध्येच सतरंजीएवढी जागा रिकामी. तिथे पक्या कोणाला गाडी लावू देत नाही, हे मी ऐकून होते. त्या रिकाम्या जागेच्या कडेला शमुवेलमामा उभे होते. डोळे मिटलेले. तोच काळा कोट, पण आतला माणूस निम्मा झालेला. आणि मोठ्यानं प्रार्थना चाललेली. पेरूवाला गिऱ्हाइकाला भाव सांगत होता तो जरा आवाज उतरवून.

"त्यानंतर प्रभू, इंदिरानगर. ते नवं आहे, तुला सापडायला वेळ लागेल. बोगद्याच्या पलीकडं, पाण्याच्या टाकीवरून डाव्या हाताला, जिथं अजून दिवे लागले नाहीत त्या कॉलनीत आमची पेटीवाली सूनबाई राहते..."

मी मामांना माझा पत्ता कधी दिला नव्हता. कोणाकोणाला विचारून त्यांनी तो मिळवला होता, आणि तो अगदी बरोबर होता. मला हाक मारायची होती. पण आमच्यात प्रार्थना करणाऱ्याला थांबवायची सोय नाही.

"रोजचंच आहे ताई," रिक्षावाला म्हणाला. "सुरू झाले की काका थांबत नाहीत."

मामा थांबले नाहीत. साखरआजीचं झालं, पक्याच्या पोरीची परीक्षा झाली, डॉक्टर भांबळांचा रक्तदाब झाला, नावानं. मग त्यांचा हात हळूच पाठीमागे गेला. कोटाचं टोक त्यांनी स्वतःच खाली ओढलं. थोडा वेळ बोलत राहिले. मग पुन्हा ओढलं, या वेळी चांगलं रागानं.

"आमेन," मामा म्हणाले.